जागलीचा सोबती (भाग ६) : मुक्काम भिंतीत

या आठवड्यात औषधांचं लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या भागात. आमच्या आंजी गावातल्याच एका वाचकाचा फोन आला, आणि त्यांच्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमेना.

"भाऊ, वावरात गोचिडी चढतात असं तुम्ही लिहिलं म्हणून दोन महिने कुत्रं वावरात नेलं नाही. जागलीला मी एकटाच जातो. तरी परवा त्याच्या नाकातून रक्त आलं. मग गोचीड आली कुठून?"

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. कुत्रं कोठ्याच्या दारात पडून होतं. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढुरक्या. पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या की असे ठिपके उठतात. कान उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. सापडल्या मोजून दोन गोचिडी. "दोनच तर आहेत," मालक म्हणाले. मी बॅटरी मागितली आणि कुत्र्याला सोडून भिंतीकडं वळलो.

दाराची लाकडी चौकट भिंतीपासून सुटली होती. त्या फटीत उजेड टाकला. जमिनीपासून दोन-अडीच हातांवरून थेट वरपर्यंत त्या ओळीनं चिकटून बसल्या होत्या. काही चपट्या, तांबूस. काही भरलेल्या, राखाडी, एरंडीएवढ्या. एकीजवळ खसखशीसारखा तपकिरी, चकचकीत पुंजका होता; ती अंडी. खराट्याची काडी फटीतून फिरवली तर टोकाला धूळ चिकटून आली, आणि ती धूळ चालू लागली. नुकतीच फुटलेली सहा पायांची पिल्लं होती ती. मालक कितीतरी वेळ त्या काडीकडं पाहत राहिले.

एरंडीची उपमा फार जुनी आहे. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड, आणि बी तशी दिसते म्हणून एरंडाचं शास्त्रीय नावही रिसिनसच पडलं. धुऱ्यावरचा एरंड बघितला की मला हे हमखास आठवतं.

आता मुद्द्याचं. गाईच्या अंगावरची नेहमीची गोचीड पिल्लू असताना एकदा चढते आणि तिथंच मोठी होऊन तीनेक आठवड्यांनी अंडी घालायला उतरते. कुत्र्याची तपकिरी गोचीड तीनदा चढते आणि तीनदा उतरते. पिल्लू असताना पोटभर पिऊन उतरते, फटीत शिरून कात टाकते. आठ पायांची होऊन पुन्हा चढते, पुन्हा उतरते. मोठी झाल्यावर तिसऱ्यांदा. शेवटी मादी फटीत हजारोंनी अंडी घालून मरते. म्हणजे तिचं बहुतेक आयुष्य अंगावर जात नाही, कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेजवळ जातं. उतरली की तिचा कल वर चढण्याकडं असतो, म्हणून आपण खालची जमीन झाडतो आणि ती चौकटीत, आढ्यात, कवेलूंखाली सुखरूप राहते. मोठी झालेली गोचीड उपाशी राहून कित्येक महिने काढते. आपल्याकडचा कोरडा उन्हाळाही तिला सोसतो.

गोचिडीमुळं होणाऱ्या, नाकातून रक्त आणणाऱ्या आजाराचा, एर्लिकियाचा, जंतू गोचिडीच्या अंड्यांत उतरत नाही. काडीवरची ती पिल्लं या आजारापुरती कोरी होती. आजारी कुत्र्याचं रक्त प्याली की जंतू त्यांच्यात शिरणार, आणि कात टाकून पुढच्या वेळी चढतील तेव्हा तो दुसऱ्या कुत्र्याला देणार. त्या कोठ्यात गल्लीतली आणखी तीन कुत्री दुपारी सावलीला येतात. वावर बंद केल्यानं काय झालं, तर पूर्वी रात्रभर मोकळ्यावर असणारं कुत्रं आता आठही प्रहर त्या चौकटीशेजारी झोपू लागलं.

वावर निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. 1910 साली पॅटन या शास्त्रज्ञानं मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशी फोडणारा एक परजीवी शोधला, आणि मग तोच त्याला कोल्ह्यातही सापडला. त्याला आज बॅबेसिया गिब्सोनी म्हणतात. गवतात राहणारी वेगळ्या जातीची गोचीड तो पसरवते. आपल्या धुऱ्यांवर गवत आहे आणि कोल्हेही आहेत. म्हणून जागलीहून आल्यावर कुत्र्याचे कान, मान आणि बेचक्या रोज चाचपाव्यातच. पण त्यासाठी त्याला घरी डांबायचं आणि आपण रानडुकरांसमोर एकटं बसायचं, हे मला पटत नाही.

मालकांना मी दोन कामं सांगितली. पहिलं, उद्याच कुत्र्याला डॉक्टरांकडं नेऊन रक्त तपासा. काचेवरच्या थेंबात जंतू दिसले नाहीत म्हणजे आजार नाही असं नसतं. पेशींची मोजणीही करायला सांगा. दुसरं, भिंत. फटी मोकळ्या करून त्यांत डॉक्टर सांगतील ते गोचीडनाशक, सांगतील त्याच प्रमाणात फवारायचं. अंडी फवाऱ्यानं मरतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं आणि मगच फटी लिंपायच्या. कुत्र्याचं जुनं पोतं जाळायचं. पऱ्हाटीवर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला कृपा करून लावू नका. कुत्रं ते चाटतं आणि तडफडून मरतं. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरातल्या माणसांसाठीही एक. हीच तपकिरी गोचीड माणसालाही चावते आणि तिच्यापासून अंगावर पुरळ आणणारा ताप येऊ शकतो. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीतच आहे. तापासाठी तिथं गेलात तर घरात कुत्रं आहे, गोचीड चावली आहे, हे आपण होऊन सांगा.

औषधांचं नक्की पुढच्या आठवड्यात. तोवर एक काम कराल का? रात्री बॅटरी घेऊन कुत्रं झोपतं तिथली भिंत पाहा आणि सगळ्यात वरची गोचीड जमिनीपासून किती वितींवर सापडली ते कळवा. मातीची भिंत की विटांची, तेही लिहा. त्या चौकटीत वरची गोचीड अकराव्या वितीवर होती.