न थकणारा परीक्षक

संगणकावरच्या उत्क्रांतीत उत्तरांची एक पिढी तयार होते, त्यातली सरस निवडायची, थोडे फेरफार करायचे की पुढची पिढी. पण सरस कोण, हे ठरवायचं कसं? पुलाचं वजन मोजता येतं, कवितेचं काय? रिचर्ड डॉकिन्स यांच्या १९८६च्या ‘बायोमॉर्फ’ प्रोग्रॅममध्ये पडद्यावरच्या आकृत्यांतून पुढची पिढी कोणापासून, हे माणूसच ठरवायचा. पण माणूस शेकडो पिढ्या न कंटाळता बघत बसत नाही.

२०२३मध्ये संशोधकांनी हे काम भाषा-प्रारूपाकडे सोपवलं. ते कवितेत बदल करतं, दर्जा ठरवतं आणि प्रकार व भाव ओळखून तिला त्यांच्या तक्त्यातलं एक घर देतं. प्रत्येक घरात तिथली सर्वांत सरस कविताच टिकते, त्यामुळे उदास हायकूला आनंदी सुनीताशी झुंजावं लागत नाही. वैविध्य जपणारी ही युक्ती मला परीक्षकाइतकीच मोलाची वाटते.

मात्र या परीक्षकाला लांबलचक उत्तरं आवडतात. दोन उत्तरांत पुष्कळदा आधी दाखवलेलं भावतं. एका निकालात ही खोड किरकोळ, पण उत्क्रांती नेमकी तीच हेरते आणि पिढ्यान्‌पिढ्या फुगवते. म्हणून क्रम उलटून पुन्हा विचारायचं आणि दोन्ही वेळा कौल तोच आला, तरच विजय मानायचा. लांबीचा मोह याने सुटत नाही. त्यासाठी अधूनमधून माणसानेच निकाल तपासायला हवेत.