गंधकाचं वावडं

रबराच्या धंद्यात गंधकाशिवाय पान हलत नाही. चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये गंधक आणि उष्णतेची जोडी सापडली, तेव्हापासून रबर म्हटलं की गंधक आलंच. नगरला नागापूर एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या शेडवरून गेलं की तो वास नाकात बसतो. गाडीचे बुश, सील, गॅस्केट सगळं त्यातूनच निघतं. मी ज्या कामाबद्दल लिहितो आहे तेही रबरासारख्याच वस्तूचं आहे, पण तिथे गंधकाचा कण चालत नाही.

जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलं त्वचेवर चिकटवायचा सेन्सर तयार करतात. सिलिकॉनचा पातळ पापुद्रा, त्याच्या पोटात काजळीची रेघ. कोपर वाकलं की पापुद्रा ताणला जातो, रेघेतल्या काजळीच्या कणांमधलं अंतर वाढतं, वीज अडते. तो वाढलेला रोध मोजला की सांधा किती वाकला ते कळतं. या कामासाठी लागणारं मऊ सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं आणि गंधक प्लॅटिनमला धरून बसतं. मग कितीही वेळ ओव्हनमध्ये ठेवा, पृष्ठभाग चिकटच राहतो.

प्रयोगशाळेतले मामा आधी रबराच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. नवी मुलगी काम सुरू करायला आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिचे हात पाहिले.

"हे पिवळे काढ. लॅटेक्सचे आहेत, त्यात गंधक असतं. निळे घाल."

"मामा, मी तर फक्त कप धरणार आहे."

"कप धरशील, मग काडी धरशील, मग तीच काडी आत बुडवशील."

तिने हातमोजे बदलले. या प्रयोगशाळेतल्या शिकवणीत मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट. सूत्रं पुस्तकात मिळतात. कुठला स्पर्श कुठवर पोचतो, हे माल बिघडताना पाहिलेल्या माणसाकडूनच कळतं.

इथे इकोफ्लेक्स 00-30 नावाचं सिलिकॉन वापरतात. दोन भाग, अ आणि ब, समान वजनाने. 23 अंश तापमानाला ते 45 मिनिटं ओतण्याजोगं राहतं. नगरच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून दोन्ही डबे आधी फ्रिजमध्ये ठेवतात. काडी हळूहळू, कपाच्या कडा खरवडत फिरवायची. जोरात फेटलं की हवा शिरते. शिरलेली हवा काढायला कप निर्वात भांड्यात ठेवतात. पंप सुरू झाला की मिश्रण फुगून वर चढतं, आधीच्या दीडपट, दुप्पट होतं. ते सांडणार असं वाटत असताना फुगा कोसळतो आणि खाली बुडबुडे फुटत राहतात. कप मुद्दाम मोठा घेतात तो त्यासाठीच.

मग पापुद्रा. काचेवर पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा थर आधी वाळवून ठेवलेला असतो. दोन्ही कडांना सेलोटेपचे दोन-दोन थर लावतात, म्हणजे साधारण 100 मायक्रॉनची उंची मिळते. मधे सिलिकॉन ओतून काचेची कांडी एका दमात ओढायची. मधे थांबलं तर तिथे वळ उठतो.

एवढं पातळ कशाला, असं कुणीही विचारेल. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश होतो. 2011 मध्ये संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात त्वचेवर बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा जो निबंध छापला, त्याचा पाया हाच होता. पुरेसा पातळ पापुद्रा कातडीच्या रेषांमध्ये स्वतःच बसतो, गोंदाची फारशी गरज लागत नाही.

पण पातळपणाची किंमत धूळ वसूल करते. जाड गॅस्केटमध्ये मातीचा कण लपून जातो. 100 मायक्रॉनच्या थरात तोच कण भोक पाडतो. नगरचा जिल्हा पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली की टेबलावर बोट फिरवून नाव लिहावं इतकी धूळ. इथे क्लीनरूम नाही. मामांनी काचेच्या जुन्या फिशटँकची उलटी पेटी केली आहे. ओढलेला थर तिच्याखाली जातो आणि घट्ट होईपर्यंत तिथून हलत नाही. परदेशी निबंधांतली महागडी व्यवस्था नाही म्हणून काम अडवून धरायचं नाही, ही वृत्ती मला मनापासून आवडली.

काजळीची रेघ काढायला स्टेन्सिल लागतं. ते गावातल्या रेडियमच्या दुकानात कापून येतं. नंबरप्लेटची अक्षरं कापणारं यंत्र पारदर्शक पॉलिएस्टरच्या शीटवर नागमोडी वाट सहज कापतं. काजळी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घोळवून मग सिलिकॉनमध्ये मिसळतात. थोडी घातली तर लेप नुसता काळा होतो, वीज वाहत नाही. प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की कण एकमेकांना भिडतात आणि मीटरचा काटा एकदम हलतो. त्याहून जास्त घातली तर लेप इतका घट्ट होतो की ताणला की भेगाळतो. लेपावर वरचा थर, पुन्हा तीच पेटी, आणि शेवटी कोमट पाण्यात काच बुडवायची. पापुद्रा सुटून तरंगायला लागला की लगेच टाल्कम पावडर लावावी लागते, नाहीतर तो स्वतःलाच चिकटतो आणि उलगडत नाही.

सेन्सर तुटतो तो मात्र मधे नाही, टोकाला. मऊ पापुद्रा संपतो आणि तांब्याची तार सुरू होते त्या जागी. सिलिकॉन ताणलं जातं, तांबं ताणलं जात नाही, सगळा ओढा त्या एका ओळीवर येतो. मुलं तिथे कापडाची पट्टी सिलिकॉनमध्ये भिजवून बसवतात, म्हणजे मऊपणा टप्प्याटप्प्याने कमी होतो. या जोडावर अजून पुष्कळ काम व्हायला हवं. नवं मिश्रण शोधण्यापेक्षा मला ते जास्त निकडीचं वाटतं.

दुसरा प्रश्न घामाचा. सिलिकॉनमधून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. वातानुकूलित खोलीत कोरड्या मनगटावर घेतलेली चाचणी या जिल्ह्याला पुरत नाही. पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन निघालेला माणूस दिवसभर कमरेत वाकून ऊस तोडतो. त्याची पाठ दिवसात किती वेळा, किती अंशांनी वाकते, याची मोजदाद व्हायला हवी. ती फडात, उन्हात, धुळीत टिकणाऱ्या सेन्सरनेच होईल. त्यासाठी आता पापुद्र्याला बारीक छिद्रं पाडून घाम बाहेर काढायची खटपट चालू आहे. छिद्राच्या कडेपासून चीर पुढे सरकते, म्हणून छिद्रं काजळीच्या रेघेपासून किती लांब ठेवायची, ते ताणून ताणून पाहणं सुरू आहे.