ट्रेडमिल मध्येच बंद पडते? मोटर बदलण्याआधी हे तपासा

घरची ट्रेडमिल बंद पडली की पहिला संशय मोटरवर जातो. मोटर किंवा कंट्रोलर बोर्ड बदलायचा म्हणजे हजारोंचा खर्च. पण बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते. करंट प्रमाणाबाहेर वाढला किंवा वेगाचा सिग्नल आला नाही, तर कंट्रोलर स्वतःच मोटर थांबवतो. म्हणून मशीन नेमकी कधी बंद पडते, ते आधी बघा. सॉफ्टवेअरमधला बग शोधतानाही आम्ही इथूनच सुरुवात करतो.

१. सुरूच होत नाही
त्याच सॉकेटला दुसरं एखादं उपकरण लावून वीज येतेय का बघा. मग सेफ्टी की काढून पुन्हा नीट बसवा. अनेक मॉडेल्समध्ये हिच्यात चुंबक असतं, ते जागेवर नसेल तर मशीन हलत नाही. वायर मशीनला जोडलेली असते तिथे बऱ्याचदा फ्यूज किंवा रिसेट बटण असतं, तेही तपासा.

२. काही सेकंद चालून थांबते
इथे संशयित स्पीड सेन्सर. पुढच्या रोलरच्या पुलीवर बहुधा एक छोटं चुंबक असतं. ते किती वेळा फिरलं हे शेजारचा सेन्सर मोजतो. सेन्सर सरकला, त्यावर धूळ बसली किंवा त्याची वायर सैल झाली, की पट्टा फिरत असूनही कंट्रोलरला तो थांबलेलाच वाटतो.

३. रिकामी चालते, आपण चढलो की थांबते
हे बहुतेक वेळा घर्षणामुळे होतं. प्लग काढा आणि पट्ट्याखाली मध्यापर्यंत हात घालून बघा. फळी कोरडी लागली तर ट्रेडमिलचं सिलिकॉन ऑइल टाका. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं. पट्टाही फार ताणू नका. मागचे दोन्ही बोल्ट एका वेळी पाव फेराच, तोही सारखाच फिरवा.

घर्षणाइतकाच दोष एक्स्टेन्शन बोर्डचाही असू शकतो. २ हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण १५०० वॅट. २३० व्होल्टवर हा करंट साडेसहा अँपिअरच्या आसपास जातो, म्हणजे ६ अँपिअरचा साधा सॉकेट अपुराच. मशीन थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा.

४. पंधरा-वीस मिनिटांनी थांबते, गार झाली की चालते
मोटर किंवा बोर्ड तापतोय. कव्हरखाली धूळ आणि केसांचा थर साचला असेल तर तो मऊ ब्रशने काढा. जळका वास किंवा ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. ते मोटरपेक्षा खूप स्वस्त मिळतात.

हे मात्र विसरू नका
कव्हर उघडण्याआधी प्लग काढाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सुमारे ३२५ व्होल्ट काही वेळ राहू शकतात. थोडं थांबा आणि त्यानंतरही बोर्डला हात लावू नका. ते काम टेक्निशियनचं.

त्याला बोलावताना "बंद पडलीय" एवढंच सांगू नका. किती वेळाने, वजन असताना की नसताना आणि डिस्प्लेवर कोणता एरर कोड, हे तिन्ही सांगा. मग तो "मोटर गेली" म्हणाला, तर ते कशावरून, हे तुम्ही त्याला नक्की विचारू शकाल.