एका लॅपटॉपवर तीन सर्व्हर : व्हर्च्युअल मशीन आणि स्क्रिप्टचं काम समजून घ्या

जळगाव/धुळे : पीककर्जाच्या दिवसांत केंद्रावर गेलं की "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे ऐकावंच लागतं. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हापासून तर कागद हवा म्हणजे सर्व्हर चालू हवा. हे सर्व्हर सांभाळायला माणसं लागतात. ते काम यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या पोरापोरींनाही घरबसल्या शिकता येतं. महागडी लॅब लागत नाही, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एकाच शेतात बांध घालून तीन भावांचे तीन वाटे केले, तर जमीन तीच, पण पीक ज्याचं त्याचं. तसंच एका कॉम्प्युटरची रॅम, प्रोसेसर आणि डिस्क वाटून आत अनेक कॉम्प्युटर चालवता येतात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच मोठ्या मशीनसाठी अशी प्रणाली आणली होती. २००७ मध्ये केव्हीएम ही सोय लिनक्समध्येच आली. आजची क्लाऊड सेवा याच वाटणीवर चालते, केंद्र सरकारची 'मेघराज'सुद्धा.

शिकणाऱ्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. आधी लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, ते बघावं.

माऊस सोडून कमांड कशाला?

एक मशीन माऊसने बनवता येतं. पण दहा बनवायची तर तेच ते क्लिक करताना कुठेतरी चूक होतेच. म्हणून कमांड एका फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवतात. तीच स्क्रिप्ट. व्हर्च्युअलबॉक्सची कमांड 'व्हीबॉक्समॅनेज' (टाईप करताना इंग्रजी अक्षरं). क्रम असा :

१. एक मशीन नीट तयार करून त्याचा स्नॅपशॉट घ्या.
२. 'क्लोनव्हीएम'ने त्याच्या नकला काढा. 'लिंक्ड' प्रकारची नक्कल डिस्कवर कमी जागा घेते.
३. 'मॉडिफायव्हीएम'ने रॅम आणि नेटवर्क ठरवा. डेस्कटॉप नसलेल्या लिनक्सला सरावापुरती एक जीबी रॅम चालते.
४. 'स्टार्टव्हीएम' हेडलेस प्रकारात चालवा. खिडकी न उघडता मशीन सुरू होतं.

नकलेच्या आत कॉम्प्युटरचं नाव जुनंच राहतं. ते आधी बदला, नाहीतर कोणतं मशीन कोणतं, कळत नाही.

नेटवर्क : रस्ता कुणाला किती द्यायचा?

नॅट : मशीनला बाहेर इंटरनेटवर जाता येतं, बाहेरच्याला सरळ आत येता येत नाही. पोर्ट फॉरवर्ड केलं तरच वाट उघडते.

ब्रिज्ड : मशीनला राऊटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो. जणू रस्त्याला लागून वेगळं घर.

इंटर्नल : फक्त मशीन-मशीनमधली बांधावरची पायवाट. इथे आयपी पत्ता सहसा हाताने द्यावा लागतो.

सराव असा करा. तीन मशीन घ्या : वेबसाईट, डेटाबेस आणि बॅकअप. वेबसाईटच्या मशीनला दोन नेटवर्क कार्ड द्या, एक नॅट आणि एक इंटर्नल. बाकी दोघांना फक्त इंटर्नल. लोकांचा डेटा ज्या मशीनवर आहे, त्याला बाहेरचा रस्ता द्यायचाच नाही, हा खऱ्या सर्व्हरचाही नियम आहे.

लाईट गेली तर?

बॅटरी संपायच्या आत 'सेव्हस्टेट' कमांड द्या. मशीन आहे त्या जागी थांबतं, लाईट आल्यावर तिथूनच सुरू होतं. आणि एक लक्षात ठेवा, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपची डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. स्क्रिप्ट आणि महत्त्वाच्या फाईली पेनड्राईव्हवर वेगळ्या ठेवा. स्क्रिप्ट हाताशी असली, तर सगळा संसार पुन्हा उभा करायला वेळ लागत नाही.