रिंगचे झाकण कच्चे नसते

बीडच्या किराणा दुकानात पत्र्याचे सीलबंद डबे तसे मोजकेच. तेलाचा पंधरा किलोचा डबा, बाळाच्या दूध पावडरचा डबा, रसगुल्ल्याचा टिन आणि लग्नसराईत केटररकडे दिसणारा आमरसाचा मोठा डबा. सगळेच सीलबंद, पण उघडण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. तेलाच्या डब्याला ठोकून दोन भोके पाडतात, एक तेल यायला आणि दुसरे हवा आत जायला. पावडरच्या डब्यात प्लॅस्टिकच्या झाकणाखालचा चकचकीत पापुद्रा सोलावा लागतो. रसगुल्ल्याच्या टिनला रिंग असते. आमरसाच्या डब्याला बहुतेक वेळा काहीच नसते. तिथे कटर लागतो, आणि कटर हरवला असेल (तो हरवलेलाच असतो) तर सुरी आणि बत्ता.

यांतल्या रिंगवाल्या टिनकडे गिऱ्हाईक जरा संशयाने बघते. जे नुसत्या बोटाने उघडते ते आपोआपही उघडेल, त्यातून हवा जाईल, माल लवकर खराब होईल, अशी ती शंका. ऐकायला रास्त वाटते, पण झाकण नीट न्याहाळले की ती टिकत नाही.

डबा जिथे बंद होतो आणि जिथे फाटतो, त्या दोन जागाच वेगळ्या आहेत. बंद करताना झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत अडकवून दुमडतात आणि दाबून सपाट करतात. त्या काठाचा छेद घेतला तर पत्र्याचे पाच थर दिसतात, तीन झाकणाचे आणि दोन डब्याचे, आणि फटीत रबरासारखा लेप. साधे झाकण असो की रिंगचे, ही दुहेरी दुमड तीच असते. रिंग ओढल्यावर ती सुटतच नाही. रिकाम्या टिनच्या काठावर ती जशीच्या तशी दिसते. फाटते ती दुमडीच्या आतल्या अंगाला कोरलेली गोल रेघ.

या रेघेतच सगळे कसब आहे. झाकणाचा पत्रा साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा जाड. रेघ कोरल्यावर तिच्या तळाशी एक दशांश मिलिमीटरहूनही कमी धातू उरतो, पण उरतो. रेघ आरपार जात नाही. ती थोडी खोल गेली तर डबा कारखान्यातच नाहीतर ट्रकमध्ये फुटेल. थोडी उथळ राहिली तर झाकण जागेवर आणि रिंग हातात, अशी गत होईल. शिवाय कोरताना पत्र्यावरचा लाखेचा लेप तुटतो आणि खालचे पोलाद उघडे पडून गंजू शकते. म्हणून पोलादी झाकणाच्या रेघेवर पुन्हा लाख चढवतात. आणि हो, ‘टिन’ म्हणतात तो मुळात पोलादाचा पत्रा. कथिल असते ते त्यावरच्या पातळ मुलाम्यापुरते.

दुसरी समजूत रिंगच्या रिव्हेटबद्दल आहे: झाकणाला भोक पाडून रिंग ठोकतात आणि तिथून गळती होते. तसे असते तर हे झाकण बाजारात आलेच नसते. आधी झाकणाच्याच पत्र्याला खालून दाबून एक फुगवटा आणतात, तो हळूहळू अरुंद करत बटणासारखा उभा करतात, त्यावर रिंगचे भोक बसवतात आणि बटणाचे डोके चेपतात. भोक फक्त रिंगला असते. झाकण अखंड राहते.

ही युक्ती सुचली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या एर्मल फ्रेझ यांना. 1959 साली ते सहलीला गेले, बिअरचे डबे होते पण ओपनर घरी राहिला होता, म्हणून त्यांनी गाडीच्या बंपरवर डबा फोडला. हा माणूस धातूला आकार देणारी यंत्रे आणि हत्यारे बनवणारा, त्यामुळे तो चिडून थांबला नाही. काही वर्षांत ओढून काढायच्या पट्टीचे डबे विक्रीला आले. त्या पट्ट्या मात्र लोक वाटेल तिथे फेकत. रस्ते आणि समुद्रकिनारे त्यांनी भरले, पाय कापू लागले, आणि मग 1975 च्या सुमारास डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी आली. थंड पेयाच्या कॅनवर आज दिसते ती तीच. त्यामानाने आधीच्या लोकांची सोशिकता मोठी म्हणायची. पत्र्याच्या डब्याचे पेटंट इंग्लंडमध्ये 1810 साली पीटर ड्युरँड यांनी घेतले. डबा उघडायच्या खास हत्याराची पेटंटे निघाली ती 1850 च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षे छिन्नी आणि हातोडी.

डब्यातला पदार्थ टिकतो तो औषध घातल्यामुळे, ही समजूत तर घरोघरी आहे. खरे कारण आहे उष्णता. डबा आधी बंद करतात आणि मग तापवतात, त्यामुळे आतले जंतू मरतात आणि बाहेरचे शिरू शकत नाहीत. भाज्या, कडधान्ये, मांस यांसारख्या कमी आंबट पदार्थांना साधारण 121 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे घरच्या प्रेशर कुकरइतके तापवावे लागते. त्या वेळी आतून जबरदस्त दाब येतो. झाकणावरची एकात एक गोल वळणे शोभेची वाटतात, पण दाब आला की झाकण त्या वळणांवर फुगते आणि गार झाल्यावर परत बसते. कोरलेल्या रेघेला हा ताण सोसायचा असतो आणि पुढे महिनोन्महिने उलटा ताणही, कारण गार झालेल्या डब्यात निर्वात जागा होते आणि बाहेरची हवा झाकण आत दाबते. रिंग उचलताच येणारा ‘फुस्’ आवाज आत घुसणाऱ्या हवेचा. तो आला तर घाबरायचे कारण नाही.

आता बीडकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. बालाघाटच्या डोंगरांतल्या सीताफळाला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मग आमरसासारखा सीताफळाचा गरही सीलबंद डब्यात का मिळू नये? इथे झाकणाचा काही दोष नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि काळवंडतो. म्हणून तो उणे 18 अंशांखाली गोठवून ठेवतात आणि रबडी-आइस्क्रीमवाल्यांकडे जातो तोही गोठवलेलाच. आंब्याचे तसे नाही. तो पुरेसा आंबट असल्याने उकळत्या पाण्याच्या उष्णतेतच काम भागते आणि चव टिकते.

आमरसाच्या मोठ्या डब्याला रिंग का नसते, हे व्यापारातल्या आकड्यांवरून उमगते. 3.1 किलोच्या डब्याचे माप 603 लिहितात, म्हणजे व्यास 6 पूर्णांक 3/16 इंच. पहिला आकडा इंचांचा, पुढचे दोन सोळाव्या भागांचे. नेहमीच्या लहान डब्याचे माप 307, म्हणजे 3 पूर्णांक 7/16 इंच. व्यास दुप्पटही नाही, पण क्षेत्रफळ तिपटीहून जास्त, आणि दाबाचा भार क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाढतो. तेवढे मोठे झाकण ओढून फाडायचे तर हातालाही लांबवर जोर लागतो. मोठ्या मापातही रिंगची झाकणे बनतात, पण ती महाग, आणि केटररकडे कटर असतोच असे धरून माल भरला जातो.

रिंगचा टिन ‘सोपा’ हे मात्र अर्धेच खरे. आधी रिंग उचलावी लागते, तेव्हा तिचे टोक तरफेसारखे रेघेवर दाबून पहिली चीर पाडते, मग ओढायचे. अडचण बहुतेक पहिल्याच पायरीवर येते. कापूस वेचून बोटे चिरलेल्या बाईला, सांधेदुखीच्या आजीला त्या चपट्या रिंगखाली नख घालणेच जमत नाही, आणि ‘ताकद लावा’ हा सल्ला तिथे निरुपयोगी. रिंगखाली चमच्याचा दांडा सरकवून ती उभी करावी आणि उभी झाल्यावरच ओढावी. चांगल्या झाकणावर रिंगखाली बोटासाठी खळगा दिलेला असतो. वेष्टने वृद्धांना आणि अपंगांना उघडता यावीत यासाठी आयएसओ 17480 हे आंतरराष्ट्रीय मानक 2015 मध्ये निघाले. सगळ्या उत्पादकांनी रिंगखाली खळगा देणे अवघड नाही. ते व्हायला हवे.

कटर लागत नाही म्हणजे बोट कापत नाही, असेही नाही. फाटलेल्या झाकणाची कड पात्यासारखी असते. काही उत्पादक रेघेजवळ पत्रा दुमडून ही धार झाकतात, सगळे नाही.

सीलबंद म्हणजे निर्जंतुक, ही समजूत सर्वांत महागात पडू शकते. बाळाच्या दूध पावडरवरचा पापुद्रा ओलावा अडवतो, पण पावडर निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान 70 अंश तापमानाच्या पाण्यात कालवायला आणि मग निववून पाजायला सांगते. उघडलेल्या टिनमधला उरलेला आंबट पदार्थ लगेच विषारी होत नाही, पण हवा लागली की मुलाम्यातले कथिल त्यात भराभर उतरते; तो स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून ठेवावा.

आणि डबा न उघडताच फुगलेला असेल, दुमडीवर खोल पोचा असेल किंवा उघडताना आतले उसळून बाहेर आले, तर चव घेऊन पाहू नये. अशा डब्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष असू शकते, आणि त्याला वास वा रंग असेलच असे नाही. असा माल गुरांनाही घालू नये. ते विष त्यांनाही मारते.