घरबांधणीची माती, सिमेंट आणि कर्बवायू

खेड्यापाड्यांतून पक्की घरे, गोठे आणि विहिरींची बांधकामे वाढत आहेत, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु वीट भट्टीत भाजली जाते, सिमेंट दूरच्या कारखान्यात तयार होते, लोखंड त्याहूनही दुरून येते. आणि या प्रत्येक टप्प्यावर हवामान तापविणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, बाहेर पडतो. तो कमी करावयाचा झाल्यास गवंड्याच्या थापीपेक्षा माल मागविणाऱ्याच्या वहीकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

प्रथम विटेचा विचार करू, कारण तिचा संबंध थेट शेतजमिनीशी आहे. एका विटेस सुमारे ३ किलो माती लागते. एक गुंठा जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर सुमारे २२ टन भरतो. म्हणजे त्यातून सात-साडेसात हजार विटा निघतात. रोख पैसा हाती येतो खरा, परंतु सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असलेला थर भट्टीत जातो आणि पिकाच्या वाट्यास खालची निकस माती येते. माती विकणाऱ्या शेतकऱ्यास नावे ठेवणे सोपे आहे. देणेकरी दाराशी उभा असताना सहा इंचांचे मोल कोण मोजतो? तथापि सौदा करण्यापूर्वी ते मोजावे, कारण गेलेला थर एका पिढीत परत येत नाही.

ही माती वाचविण्याच्या हेतूने केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास ५० किलोमीटरांच्या परिसरात विटांमध्ये राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर वाढविण्यात आले. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, पारस आणि नाशिकजवळील एकलहरे येथील केंद्रांत दगडी कोळशाची राख निघते. चुना अथवा सिमेंट घालून तिच्या विटा दाबून तयार करतात. त्या भाजाव्या लागत नाहीत, केवळ पाण्यावर पक्व होतात. त्यातील चुन्यापोटीही काही वायू सुटतोच, हे लक्षात ठेवावे. कोकणात मात्र जांभ्याचा चिरा जवळ मिळत असता दुरून राखेची वीट आणण्यात शहाणपण नाही.

सिमेंटची गोष्ट निराळी आहे. शुद्ध चुनखडीचे १०० किलो दगड भाजले, तर त्यातून ४४ किलो कर्बवायू बाहेर पडतो. हा वायू दगडातलाच असतो. भट्टीच्या कोळशाचा तो वेगळा. म्हणून कारखान्याने सौर वीज वापरली तरी एवढ्याने काम भागत नाही, भाजलेल्या दगडाचे, म्हणजे क्लिंकरचे, प्रमाणच घटविले पाहिजे. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. पीएससीमध्ये पोलाद कारखान्यांची मळी असते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळलेल्या नव्या सिमेंटसाठीही २०२३ साली भारतीय मानक निघाले. त्यात क्लिंकर निम्म्याच्या आसपास ठेवता येते.

आता नोंदीविषयी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांची छायाचित्रे स्थळाच्या अक्षांश-रेखांशासह मोबाईलवर घेतली जातात. हीच सवय मालासही लावावी. सिमेंटच्या पोत्यावरील प्रकार व भरणीचा आठवडा, काट्याची पावती, आणि वाळू-मुरुमाच्या गाडीचा महाखनिज प्रणालीवरील वाहतूक परवाना यांची छायाचित्रे ठेवली, म्हणजे कोणता माल, किती, किती अंतरावरून आला हे कळते. एवढे कळल्यावाचून कर्बवायूचा हिशेब होत नाही. गावात दहा घरकुले एकाच हंगामात असल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने सर्वांची मागणी एकत्र करावी. अर्ध्या भरलेल्या गाड्यांच्या फेऱ्या वाचतील, आणि भाव ठरवितानाही लाभ होईल.

पीपीसी सिमेंटला बळ उशिरा येते. त्याच्या काँक्रीटला किमान दहा दिवस, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चौदा दिवस, ओली गोणपाटे घालून ओलावा राखावा. येथे पाण्याची काटकसर करू नये. राखेच्या विटा घेताना दोन-तीन विटा कोरड्या वजन कराव्यात, चोवीस तास पाण्यात बुडवून पुसून पुन्हा तोलाव्यात. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमपेक्षा अधिक भरली, तर तो माल परत करावा.