जाळीच्या झोळीतला हिवाळा

मेक्सिको म्हटलं की निवडुंग, रुंद काठाच्या टोप्या आणि तिखटजाळ मिरच्या एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण कॅनडातल्या कितीतरी निवृत्त मंडळींना मेक्सिको म्हणजे हिवाळ्यातलं हक्काचं माहेर वाटतं! दारात बर्फ साचू लागलं की ती मेक्सिकोचा समुद्रकिनारा गाठतात. माझ्या वन्सं त्यांतल्याच. तीस वर्षं नोकरी आणि घर दोन्ही सांभाळलं. आता गुडघ्यांना थंडी सोसत नाही. गेल्या हिवाळ्यात मुलांना सासूबाईंवर सोपवून आणि शाळेतून बिनपगारी रजा काढून मीही त्यांच्याकडे दीड महिना राहून आले. मैत्रिणींनो, हे प्रवासवर्णन नव्हे. तिथलं घर कसं चालतं, तेवढंच सांगते.

गावाचं नाव प्रोग्रेसो. युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे बंदर १८७१ साली वसलं. आपल्याकडच्या घायपाताच्या जातीचं एक झाड इथे होतं, त्याचा वाख इथून जगभर जाई. समुद्र इतका उथळ, की जहाजं किनाऱ्याला लागतच नाहीत. म्हणून सहा किलोमीटरहून लांब धक्का बांधलाय. तिथे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मी चहा घेऊन फोन लावायची, तेव्हा घरी दिवेलागण झालेली असायची.

भिंतीतल्या कड्या

घरात शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या भिंतींतल्या कड्या. त्यांना दोऱ्यांची विणलेली झोळी अडकवायची आणि झोपायचं. सकाळी गुंडाळून ठेवली की खोली मोकळी! गादी नाही, चादरींचा ढीग नाही, खालूनही वारा लागतो. मात्र तिच्यात लांबीत सरळ झोपायचं नाही, तिरकं झोपायचं. म्हणजे पाठ सपाट राहते.

हवा आपल्या कोकणातल्या माघासारखी, दिवसा उबदार आणि रात्री सुखद. अधूनमधून मात्र ‘नोर्ते’ नावाचा उत्तरेचा गार वारा सुटतो. मग लहान होड्यांना बंदी होते, मासळी मिळत नाही आणि खिडक्या लावून घरात बसावं लागतं.

विकतची पोळी

दुपारी बारा वाजले की बायका-पुरुष फडकं घेऊन तोर्तियाच्या दुकानापुढे रांग लावतात. मक्याच्या गरम पोळ्या किलोवर घ्यायच्या आणि फडक्यात गुंडाळून घरी आणायच्या. हा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळतात. त्यामुळे साल तर सुटतंच, शिवाय मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण चुन्याची युक्ती मागेच ठेवली. म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. आणि एक, विकतची पोळी आणली म्हणून तिथे कुणी सुनेला नावं ठेवत नाही!

मला सगळ्यांत आवडला तो तिथला सोमवार. युकातानमध्ये सोमवारी घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मांस असा एकच बेत असतो. सोमवार धुण्याचा, पातेलं चुलीवर चढवलं की ते आपलं आपण शिजत राहायचं, असं कारण सांगतात. आम्ही नुसता घेवडा करत होतो. पण ‘आज काय करू?’ हा प्रश्न आठवड्यातून एक दिवस तरी पडत नाही, हे केवढं सुख!

सहा जानेवारीला गोल गोड पाव कापतात. त्यात लपवलेली बाहुली ज्याच्या वाट्याला येते, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे. मध्ये आपली संक्रांत आली. शेजारणींना तिळाच्या वड्या दिल्या. ‘गोड बोला’ हे वन्संनी स्पॅनिशमध्ये समजावलं.

आडवं होण्याची लाज

एका दुपारी वन्सं म्हणाल्या, “अगं, पहिली दोन वर्षं मला दुपारी आडवं व्हायची लाज वाटायची. कुणी आलं तर काय म्हणेल! मग उगीच कपाट आवरत बसायची.” मी गप्प राहिले. मलाही पहिला आठवडा झोळीत पडल्या पडल्या केर दिसत होता.

आमच्या निवांतपणामागेही कष्ट होतेच. किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या दुकानातली बाई दिवसभर उभी असायची. तिची झोळी रात्रीच. वन्सं तिचे पैसे कधी घासाघीस करून देत नाहीत. विश्रांती दुसरीच्या पाठीवर टाकून मिळवायची नसते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

समुद्र काही घरी आणता येत नाही. पण परत आल्यावर मी जाहीर केलं: सोमवारी खिचडी, पापड, लोणचं, आणि दुपारी दोन ते तीन मला कुणी हाक मारायची नाही. सासूबाई क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या वेळात मीही पडेन जरा.” सत्तर वर्षांच्या आयुष्यात हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं असावं.